सुपारीचा मान

वाघोलीचे हिंदुराव रागावले की आरडाओरडा करत नसत. गप्प बसत. भावकीत ते सगळ्यांत वडील, त्यामुळे त्या गप्प बसण्याला लोक जास्त भीत.

यंदाच्या उन्हाळ्यापासून ते असेच गप्प होते. पुतण्या इंद्रजीतने आपल्या वाढदिवसाला गल्लीच्या तोंडाशी आडवा स्टेज घातला होता. त्याच संध्याकाळी कासिमच्या बायकोच्या, नूरबानूच्या छातीत कळ आली. रिक्षा स्टेजपाशी अडली. कासिम हात जोडत राहिला आणि इंद्रजीत वरून म्हणाला, "चाचा, केक कापून होऊ द्या, मग हलवतो." रिक्षा मागच्या वाटेने वळवून नेईपर्यंत नूरबानू गेली होती.

कासिम गादीवाला हिंदुरावांचा शाळेपासूनचा सोबती. बायको गेली आणि त्याचं दुकान बंद झालं, जेवण तुटलं. लोक येत, धीर धरा म्हणत, निघून जात. हिंदुरावांना असलं बोलणं जमत नसे. "किती दिवस रडणार?" असं ते एकदा बोलून गेले, तर कासिमने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी बोलायचंच सोडलं. सकाळी भाकरी न्यायची, माठ भरायचा, बीपीची गोळी त्याच्या तळहातावर ठेवून तो गिळेपर्यंत उभं राहायचं. शुक्रवारी कब्रस्तानापर्यंत सोबत जायचं आणि फाटकाबाहेर थांबायचं. कासिम भाकरीचा तुकडा मोडी आणि तसाच ठेवून देई. हा असाच वाळत गेला तर दिवाळी काही बघत नाही, हे हिंदुरावांना दिसत होतं. इंद्रजीत मात्र गळ्यात चेन घालून मोकळा फिरत होता. घरी भाकरी फडक्यात बांधताना त्यांची गाठ फार करकचून बसे.

मग इंद्रजीतच्या मुलीची, तेजस्विनीची सुपारी ठरली. त्यांच्या भावकीत ती वडीलधाऱ्यानेच फोडायची. त्याशिवाय सोयरीक पक्की धरत नाहीत. त्या दिवशी हिंदुराव धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला आणि कासिमच्या घरी जाऊन बसले.

फोन वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही. शेवटी इंद्रजीत स्वतः आला आणि दारातच उभा राहिला.

"काका, पाव्हणे खोळंबलेत. चला."

"आत ये. बूट काढून."

"उशीर होतोय हो!"

"व्हतोय ना? कसं वाटतंय?"

इंद्रजीतने बूट काढले. नूरबानू गेल्यापासून तो त्या घरात पहिल्यांदाच येत होता.

"चाचा, त्या दिवशी... म्हणजे कार्यकर्त्यांनी..."

"आज कार्यकर्त्यांच्या पोरीची सुपारी हाय का?" हिंदुरावांनी विचारलं.

इंद्रजीतची मान खाली गेली. "मीच म्हणालो होतो तसं. चुकलं. माफ करा, चाचा."

कासिम मऊ माणूस, आता माफ करून टाकणार. हिंदुरावांना ते मुळीच नको होतं.

"माफ नाही करणार," कासिम म्हणाला. "पण पोरीनं काय केलंय? हिंद्या, तू जा."

"तुला सोडून न्हाई जायचो."

"मग मीबी येतो." कासिम भिंतीला धरून उठला आणि ट्रंकेतला पांढरा सदरा झटकू लागला. "ह्याच्या मांडवात अगदी पुढं बसतो. सुपारीला, लग्नाला, पुढं नातवाच्या बारशाला. दर टायमाला ह्याला माझं तोंड दिसू दे."

"बारशापर्यंत टिकशील का?"

"न टिकून सांगतो कुणाला!"

हिंदुरावांनी सुपारी फोडली. कासिम पहिल्या रांगेत, इंद्रजीतच्या बरोबर समोर बसला होता. पंगतीत यजमान म्हणून इंद्रजीतलाच वाढायला यावं लागलं. कासिमपाशी आल्यावर तो ताटाकडेच बघू लागला.

"इकडं बघून वाढ," कासिम म्हणाला.

इंद्रजीतने वर बघितलं. त्याच्यावरची नजर न काढता कासिमने पुरीचा घास चावून गिळला.

"अजून एक," तो म्हणाला.