गणूच्या पेटीतला ओहोळ

सापगावच्या गणूला कुणी एका जागी बसलेलं पाहिलं असेल, तर ते सबस्टेशनच्या खुर्चीत. तिथंही त्याचा उजवा पाय हलतच असायचा. दोन हजार सहा साल, लोडशेडिंगचे दिवस. वरून फोन आला की गणूने हँडल फिरवायचं आणि बारा गावांची लाईट घालवायची. लोक शिव्या घालायचे त्या गणूला, वरच्या साहेबाला कोण ओळखतंय? ऐकून ऐकून त्याची कातडी गेंड्याची झाली होती.

पण त्या उन्हाळ्यात गणू स्वतःच स्वतःला शिव्या घालायला लागला. कारण काय, तर तीन मासे!

करंगळीएवढे, मातकट रंगाचे. पोटाने दगडाला असे चिकटायचे की कितीही लोंढा येवो, जागचे हलायचे नाहीत. वरच्या पाड्यावरची म्हातारी भिमी रानभाजी, करवंदं विकायला यायची, तिनेच ओहोळातून दहा-बारा डब्यात घालून आणले होते. लेक भाग्यश्री सासरी गेल्यापासून तिची माशांची काचेची पेटी रिकामीच पडली होती. गणूने ती हौसेने खिडकीत ठेवली, छान उन्हात, आणि वरून पाव चुरून घातला. झालं! आठवड्यात निम्मे उलटे तरंगले.

भिमीने कपाळावर हात मारला. "आरं, कोंडून ठेवलंस व्हय? त्याला धावतं पानी लागतं. पानी थांबलं की जीव थांबला त्याचा."

मग गणूला कसली चैन! कूलरची मोटर आणून त्याने पेटीत धार सोडली. पेटी मोरीजवळ गारव्याला हलवली, ओहोळातले शेवाळलेले गोटे आणून आत रचले. उरलेले मासे त्या गोट्यांना चिकटून शेवाळ खरवडत बसायचे, आणि गणू त्यांच्यासमोर.

"वीस वर्षांत माझ्याकडं एवढं बघितलं नाय तुमी," त्याची बायको सरस्वती म्हणायची.

एप्रिलपर्यंत तीनच राहिले. आणि तेव्हाच भिमी खबर घेऊन आली. ओहोळाचा एकच डोह शिल्लक होता, त्यात कुणीतरी ब्लिचिंग पावडर टाकून होते नव्हते तेवढे मासे मारून नेले. "आता तुज्याकडं हायेत तेवढंच," ती म्हणाली. "आमच्या वहळात बी पन नाय उरलं."

"वहळ वाहायला लागला की परत सोडू," गणू म्हणाला. बोलून गेला खरा, पण तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला.

लाईट गेली की मोटर बंद. आणि लाईट घालवणार कोण? हाच! हँडलला हात लावला की त्याला आधी घरची मोटर आठवायची. तेवढा वेळ घरी सरस्वतीने पेटीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि वरून धार धरायची. ती कुरकुरायची, पण धरायची.

मेमध्ये एका गुरुवारी सरस्वती धसईला हळदीला गेली. त्या दिवशी लाईट जायचीच नव्हती, म्हणून गणूनेच तिला जा म्हटलं होतं. आणि एक वाजता फोन खणखणला.

"गणू, लोड वाढलाय. काढ."

"साहेब, थोडा टाइम द्या ना..."

"काढ म्हणतो ना! पाचशिवाय द्यायची नाही."

काय सांगणार? घरी मासे आहेत म्हणून? वीस वर्षांत त्याने एका मिनिटाचा उशीर केला नव्हता. त्याने हँडल फिरवलं.

दुसरा ऑपरेटर चारला येणार, तोवर जागा सोडता येत नव्हती. गणू आवारात येरझारा घालत राहिला. पाणी प्यायला ग्लास भरला आणि ते थांबलेलं पाणी बघून तसाच खाली ठेवला. चारला त्याने सायकल जी हाणली, ती थेट मागल्या दाराशी.

दार उघडं होतं. मोरीजवळ भिमी बसली होती. शेजारी करवंदांची पाटी तशीच भरलेली, हातात तांब्या. पाणी उचलायची, वरून सोडायची.

"मोटर गप व्हती, घरात कोन नाय," ती मान न वळवता म्हणाली. "कडी काडून आले."

"कवापासून बसलीस गो?"

"लाईट गेली तवापासून. मधी हात भरून आला रे, जरा थांबले. त्यात ह्यो गेला." पाटीच्या कडेला पळसाच्या पानावर एक मासा ठेवला होता.

गणूचे डोळे भरून आले. त्याने तांब्या हातात घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "लाईट गेली की असे हाल होतात बघ, म्हातारे."

"आमच्याकडं नाय जात," भिमी खांदा चोळत म्हणाली.

"नाय जात?"

"आली कवा व्हती, जायाला?"

गणूचा हात जागीच थांबला. बारा गावांच्या लाईटच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. पाड्याचं नाव त्याच्या बोर्डावर कधीच नव्हतं. तारा मात्र पाड्याच्या डोक्यावरूनच पुढे गेल्या होत्या, आणि वीस वर्षांत त्याने हे कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. शरमेने त्याला मान वर करवेना. हात तेवढा पुन्हा चालू झाला.

पाचला लाईट आली. मोटर गुरगुरली, धार सुटली, आणि दोन्ही मासे गोट्यावर सरकून धारेकडे तोंड करून बसले.

"बस गो, चा ठेवतो," गणू म्हणाला.

"नको रे." भिमीने पाटी डोक्यावर घेतली. अंधार पडायच्या आत तिला पाड्यावर पोचायचं होतं.