बाबांच्या तीन बंदुका आणि पांढरी सांडणी

सौदीतल्या हफ्र अल बातिन शहरातल्या त्या घरात मी ड्रायव्हर म्हणून लागलो, पण गाडीपेक्षा माझा जास्त वेळ बंदुकांपाशी जायचा. माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता तो, घरातला थोरला मुलगा. त्याच्या वडिलांना सगळे नोकर ‘बाबा’ म्हणत, मीही म्हणू लागलो. बाबा ऐंशीच्या पुढचे. उंच, दाढी मेंदीने रंगवलेली, गुडघे कामातून गेलेले. डोकंही हळूहळू निसटत चाललं होतं. मघाशी जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे. पण लहानपणी बापाबरोबर शिकारीला गेले तेव्हा वारा कुठून सुटला होता, ते ते हात करून दाखवत.

मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, काचेच्या कपाटात त्यांच्या तीन रायफली होत्या. पहिली थ्री-नॉट-थ्री, त्यांच्या वडिलांची. दस्त्याचं लाकूड चिरलेलं, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. त्या बंदुकीने वडिलांनी नफूदच्या वाळवंटात वुदैही मारला होता. वुदैही म्हणजे पांढराशुभ्र हरणासारखा मोठा प्राणी, भाल्यासारखी दोन सरळ शिंगं. बाबा तेव्हा पोरसवदा, उंटावर बापाच्या पाठीला चिकटून बसलेले. ‘तो पडला तेव्हा वाटलं, चंद्रच वाळूवर पडला,’ असं ते सांगत. पुढे रानातला वुदैही संपला आणि बाबांच्या नशिबी तो कधी आला नाही. ही बोच त्यांनी आयुष्यभर जपली होती.

दुसरी जर्मन बनावटीची, हलकी. तरुणपणी पिकअपच्या मागे उभं राहून हिने त्यांनी चिंकारे मारले. किती, ते सांगत नसत. एखाद्या दिवशी हसत म्हणत, ‘गाडी भरायची.’ दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सांगताना मध्येच थांबत आणि म्हणत, ‘आम्हीच संपवले रे.’

तिसरी सगळ्यात जड, आफ्रिकेसाठी घेतलेली थ्री-सेव्हंटी-फाइव्ह. तिने मारलेल्या रानरेड्याची शिंगं भिंतीवर होती, माझे दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढी. जखमी रेडा उलटून अंगावर आला, वाटाड्या झाडावर चढला आणि बाबांनी अगदी तोंडासमोर येऊ देऊन गोळी घातली. तिच्या दणक्याने खांद्याचं हाड दुखावलं ते कायमचं. थंडीत मी त्या खांद्याला तेल चोळायचो, तेव्हा ते म्हणत, ‘हा रेड्याचा मुका आहे.’

मला बंदूक नवी नव्हती. आमच्या रायगडात, खाडीकाठच्या गावात, माझ्या चुलत्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक होती. भातात डुकरं शिरली की हाकारा घालायला मीही जात असे. म्हणून पहिल्याच दिवशी मी रायफल उचलताना तिचं तोंड जमिनीकडे धरलं, ते बाबांनी पाहिलं. ‘हा हिंदी माझा,’ ते मुलाला म्हणाले. भारतीयाला तिथे हिंदीच म्हणतात. तेव्हापासून नळीत गज घालायचं, बोल्टला तेल द्यायचं काम माझं. ते शेजारी बसून गोष्टी सांगत.

मग त्यांचा आजार वाढला. सकाळी उठले की बंदूक मागायचे. ‘वारा पडलाय, निघायला हवं.’ कुणी नाही म्हटलं की ओरडायचे, ताटं फेकायचे. एकदा सुनेच्या अंगावर हात उचलला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती झोप येई. शेवटी कफील मला म्हणाला, ‘त्यांना गाडीतून वाळवंटात फिरवून आण. मांडीवर बंदूक असू दे, शांत राहतात.’

‘पोलिसांनी अडवलं तर?’ मी विचारलं. शिकारीला तर बंदीच आहे.

‘रिकामी बंदूक आहे. काडतुसं माझ्या खोलीत कुलपात आहेत. तू घाबरू नकोस.’

मी घाबरतच नेलं. दोन-तीनदा नेलं. बाबा खरंच शांत व्हायचे. मी सतरंजी पसरायचो, चहा करायचो, ते रायफल खांद्याला लावून लांब बघत बसायचे आणि परत यायचे. घरातली माणसं सुटकेचा निःश्वास टाकायची.

त्या दिवशी त्यांनी आफ्रिकेची बंदूक मागितली. मी गाडीमागे स्टोव्ह पेटवत होतो. पलीकडे झुडपांत काहीतरी पांढरं बसलेलं मी पाहिलं होतं. कुणाच्या तरी कळपातली सांडणी होती, पांढरी. इतक्यात बोल्ट सरकल्याचा आवाज आला. तो आवाज रिकामा नव्हता. मी ‘बाबा!’ म्हणून ओरडलो, पळालो, आणि त्याच वेळी बार झाला.

मजलिसच्या फळीवर रेड्याच्या शिंगाखाली एक काडतूस शोभेला उभं असायचं. रोज मीच ते पुसायचो, आणि ते खरं असेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ते त्यांनी खिशात घालून आणलं होतं.

बाबा बॉनेटला टेकून उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘वुदैही! अल्लाहू अकबर, वुदैही! पळ, हलाल कर, मरायच्या आत!’

सांडणी मेली नव्हती. गोळी कमरेत लागली होती. मागचे पाय गेले होते आणि पुढच्या पायांवर ती पुन्हा पुन्हा उठू बघत होती. उंट असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ पोचलो आणि नुसता उभा राहिलो. आसपास माणूस नाही. डॉक्टर बोलवावा तर जनावर वाचणार नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मागून बाबांची हाक येतच होती. मी परत गाडीकडे गेलो, जेवणाच्या डब्यातली सुरी घेतली. बकरी ईदला बकरे केले होते, उंट कधीच नाही. मानेच्या बुडाशी, छातीजवळ सुरी घालतात एवढं पाहिलं होतं. बिस्मिल्लाह म्हणालो आणि घातली. एका फटक्यात झालं नाही. दुसऱ्यांदा घालावी लागली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा मी मोठ्याने रडत होतो.

सुरी हातात, कोपरापर्यंत रक्त, आणि समोरून धुरळा उडवत पिकअप आली. कळपाचा राखणदार, सुदानचा एक मध्यमवयीन माणूस, उडी मारून उतरला. त्याने सांडणी पाहिली, मग मला पाहिलं.

‘मारलीस तू तिला! मारलीस!’ त्याने माझी गचांडी धरली.

मी अरबीत काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक मराठीतच बोललो असेन. त्याने गाडीची किल्ली काढून घेतली आणि मालकाला फोन लावला. मी कफीलला लावला. मग आम्ही उन्हात वाट बघत बसलो. बाबा गाडीच्या सावलीत खजूर खात होते. मी वाळूने हात घासत होतो, रक्त निघत नव्हतं. घरी फोन करावासा वाटला. बायकोला काय सांगणार होतो? परदेशी माणूस, बंदूक, मेलेलं जनावर. इथे एकदा आत गेलो तर माझी लेक केवढी झाल्यावर दिसेल, याचाच विचार डोक्यात फिरत राहिला.

कफील आधी पोचला. त्याने सगळं पाहिलं आणि मला दंडाला धरून गाडीमागे नेलं.

‘गोळी तू झाडलीस असं सांग.’

मला आधी कळलंच नाही. ‘मी?’

‘बाबांचं वय बघ. घराण्याचं नाव आहे. तुझ्या अंगावर रक्त आहेच. चार दिवस आत बसशील. मी सोडवीन, वल्लाह, सोडवीन.’

‘आणि नाही सोडवता आलं तर?’

तो लांब बघत म्हणाला, ‘तुझा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय ना? तो कोण वाढवणार?’

मी वाळूत बसलो. हो म्हटलं तर तुरुंग, नाही म्हटलं तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला. हात जोडून मी म्हणालो, ‘मला मुलगी आहे, साहेब. बंदुकीचा आळ आलेल्या परदेशी माणसाला कोण सोडतं? मी खोटं सांगणार नाही. मला जमणार नाही.’

‘खलास,’ एवढंच बोलून तो वळला.

मालक आला. बुटका, पांढऱ्या मिशांचा बदू, वाळवंटातल्या टोळीतला. आल्या आल्या तो सांडणीजवळ गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग उठून विचारलं, ‘कुणी?’

माझा कफील माझ्याकडे बघत म्हणाला, ‘या हिंदीने.’

मालकाच्या हातातली काठी माझ्या खांद्यावर बसली. दुसरी बसणार, तेवढ्यात गाडीला धरत धरत बाबा पुढे आले. चेहरा लहान मुलासारखा उजळलेला.

‘या, या! पाहुणे आले! मांस सगळ्यांना पुरेल. एका गोळीत पाडला, माझ्या हाताने.’ मग मालकाला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, ‘तू कुणाचा रे मुलगा?’

मालकाची काठी खाली आली. त्याने बापाचं नाव सांगितलं.

‘त्याला मी ओळखतो! त्याचा वाटा घेऊन जा. सांग, मलाही शेवटी वुदैही मिळाला.’

कफीलने मान खाली घातली. मालकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे. मग त्याने डोळे पुसले, बाबांचा हात धरला आणि त्यांना सावलीत नेऊन बसवलं. ‘मुबारक असो, चाचा,’ तो म्हणाला.

पोलीस आले. बाबांनी त्यांनाही सगळी शिकार वाऱ्यासकट सांगितली. त्यामुळे मी सुटलो. दोन घरांमध्ये पुढे काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. तिन्ही बंदुका त्याच दिवशी पोलिसांनी नेल्या.

आगीतून सुटलो आणि फुफाट्यात पडलो. दुसऱ्या दिवसापासून बाबा रिकाम्या कपाटासमोर उभे राहू लागले. काचेवर मुठी आपटायचे. मग मला धरायचे. ‘चोर! बापाची बंदूक कुठे विकलीस?’ ज्या खांद्याला मी तेल चोळायचो, त्याच बाजूचा हात माझ्या तोंडावर बसायचा. मी समजावायचो, ते पाच मिनिटं ऐकायचे आणि पुन्हा ‘चोर’ म्हणायचे. कफील बाजूला बसून मोबाइल बघायचा. घरात कुणी माझ्याशी बोलेनासं झालं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचो. शेवटी कफीलनेच सांगितलं, ‘दुसरा कफील शोध, नाहीतर तुझं एक्झिट लावून कायमचा घरी धाडतो.’

गावच्या ओळखीने रियाधच्या बत्हा भागातल्या एका खानावळीच्या मालकाने मला नावावर घेतलं. आता मी तिथे स्वयंपाकघरात आहे. बाबा गेल्याचं त्या घरच्या मल्याळी आचाऱ्याने फोन करून हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, शेवटी शेवटी ते पाहुण्यांना वुदैहीचीच गोष्ट सांगायचे. त्यात एक हिंदी असायचा. तो वाऱ्यासारखा धावत गेला आणि त्याने जनावर हराम होऊ दिलं नाही.

‘तू ही था वो,’ आचारी म्हणाला. ‘बहुत तारीफ करते थे.’

मी फोन ठेवला. बाजूच्या मशिदीत जाऊन त्यांच्यासाठी नमाज पढलो. दुवेसाठी हात वर केले, पण शब्द सुचेनात. डोळे मिटले की ती सांडणी पुढच्या पायांवर उठायला बघत होती, आणि मी तिच्यापाशी नुसता उभा होतो.