माशाचं दूध

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा नवी पेठेतून आलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीनं माझी अब्रू घालवली. पुडीच्या कागदावर डॉल्फिनचं चित्र होतं. "केवढा मासा!" नवरा म्हणाला. कॉलेजात दोन वर्षं जीवशास्त्र शिकलेली मी, मला कुठलं राहवतंय? म्हटलं, हा मासा नव्हेच. वर येऊन हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो.

दाणे निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. त्यांचं निम्मं आयुष्य सांगोल्याकडं शेळ्यांमागं गेलेलं.

"दूध? आन् सड कुटं हायत त्याला?"

"पोटाखाली चिरेत लपलेले असतात, आत्याबाई. पिल्लानं तोंड लावलं की आईच दुधाची पिचकारी मारते."

"आन् व्याती कुटं?"

"पाण्यातच. पिल्लाचं शेपूट आधी येतं, डोकं शेवटी."

आता मात्र त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "शेपूट आदी? मरंल की गं ते! किती शेळ्यांची बाळंतपनं केल्यात मी!"

झालं! त्या दिवसापासून घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नाही. रॉकेल संपलं म्हणावं, तर "व्हय, आन् मासा दूध देतो." डोकं दुखतंय म्हणावं, तरी तेच. समुद्र मीही पाहिलेला नव्हता, पुरावा आणणार कुठून? चिडून चिडून मी भाकऱ्या करपवत असे.

पहिलं बाळंतपण माहेरी, करकंबला व्हायचं होतं. पण पिशवी भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नर्सबाईंनी तपासलं आणि सांगितलं, बाळ पायाळू आहे, पाय आधी येणार. माझं अवसानच गळालं.

"मरेल ते, आत्याबाई! तुम्हीच म्हणाला होतात!"

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"गप. तुज्या त्या माशाचं शेपूट आदी येतं न्हवं? मग जगतंय का पिल्लू?"

"जगतं."

"खरं सांगतीस?"

"तुमची शपथ."

"मग लाव की जोर!"

मुलगी झाली. पायांकडून आली आणि आल्या आल्या तिनं दवाखाना डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण बघायला आली. "पायाळू? नशीब बाई, वाचली!"

"त्यात काय नवाल?" सासूबाई नातीला थोपटत म्हणाल्या. "समुद्रात ते मोठालं मासं हायत, त्यांची पोरं अशीच येत्यात. दूधबी पित्यात."

शेजारीण फिस्सकन हसली.

"हसतीस काय?" सासूबाई कडाडल्या. "आमची सून खोटं बोलत न्हाय."