उसाच्या कडेला टेकलेले गुडघे

पाचट जळल्याचा वास आला, की मला बोरी गावातली ती संध्याकाळ आठवते. त्या साली शिवारात बिबट्या फिरत होता आणि जो तो बजावायचा, "उसाकडंला वाकू नका राव, वाकलेला माणूस त्याला शिकार वाटतो." वाटणीत थोरल्या भावानं विहीर लाटली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. चर्चमध्ये तो गुडघे टेकायचा, मी ताठ बसायचो. पण गवताला गेलेली वहिनी परतली नाही, म्हणून आम्ही दोघं शोधायला निघालो. लांब कुठंतरी पाचट जळत होतं. बांधावर तिचा विळा तेवढा सापडला. भाऊ तिथंच गुडघ्यांवर बसून प्रार्थना करू लागला. समोरचा ऊस हलला. "दादा, ऊठ! वाकू नको!" मी ओरडलो. डोळे न उघडता तो म्हणाला, "तू ऱ्हा उभा. तुला कुठं वाकता येतंय?" मी बाजारात करतो तशी देवाशी घासाघीस सुरू केली: तिला परत दे, विहिरीवरचा हक्क सोडतो. ऊस आणखी जवळ हलला, पाचट वाजलं. मग घासाघीस तिथंच सोडून मी भावाशेजारी गुडघे टेकले. बऱ्याच वेळानं ऊस हलायचा थांबला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून वहिनीची हाक आली, "बिबट्या दिसला, मी हितं कोंडून घेतलंय!" विहीर मी पुन्हा मागितली नाही, राग मात्र गेलेला नाही. आजही प्रार्थनेला वाकलो, की पाठीमागं पाचट वाजतं.