सायकल गंजू नये म्हणून

आणीबाणीत पोलिसांनी ह्यांना पकडून नेलं, तेव्हा पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीनं माझ्याशी बोलणं टाकलं. भीती सगळ्यांनाच होती. फक्त समोरच्या काकू रोज यायच्या. नऊवारीतला भला थोरला देह, चार घरं ऐकू जाणारा आवाज आणि गंमत सांगण्याआधीच स्वतः हसून घ्यायची सवय.

एका सकाळी त्या ह्यांच्या सायकलीपाशी थांबल्या.

"काऊन वं, ही गंजून राह्यली ना. भाऊजी सुटून आल्यावर काय पायी जातीन कचेरीत? तुले येते ना, मले शिकव, म्हंजे सायकल चालती राहीन."

"काकू, ह्या वयात?"

"मंग काय पुढच्या जन्मात?"

काकूंनी कासोटा आवळला. मी कॅरिअर धरून मागे पळत होते आणि त्या घंटी वाजवत म्हणत होत्या, "सोडू नको वं मले." हँडल भलतीकडेच वळलं आणि आम्ही दोघी शेणाच्या ढिगात पडलो. मला हसू फुटलं ते थांबेचना. कित्येक महिन्यांत मी हसले नव्हते. बंद दारं एकेक उघडली आणि सगळी गल्ली पोट धरून हसू लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारची मास्तरीण दारात आली. इतके दिवस ती मान खाली घालून जायची. पदर खोचत म्हणाली, "मलेही शिकवता का वो?"