गंगक्काची भरलेली टाकी

"अक्का, ह्या कोपऱ्याचा फोटो तेवढा सोडा की," एजंट मला म्हणाला. "उद्या पुट्टी मारून घेतो. परवा बघा, नवी भिंत!"

"काही मारू नका," मालकीणबाई वासंतीताई म्हणाल्या. "घर घेणाऱ्या पोरांना ओल आधीच दाखवलीय मी. बँकेपासून लपवून काय करू?"

इथंच बाई मला आवडल्या.

माझं काम सांगते. घरासाठी बँक कर्ज देते तेव्हा घराची खरी किंमत किती, ते बघायला आमच्या ऑफिसला सांगते. त्याला व्हॅल्युएशन म्हणायचं. मी इंजिनिअर नव्हे. टायपिस्ट म्हणून लागले आणि सरांबरोबर साइटवर जाता जाता शिकले. आता बघायला मी जाते, सही सर करतात.

जुन्या हुबळीतलं हे घर. खाली स्वयंपाकघर, झोपायची खोली वर, आणि वासंतीताईंचे गुडघे गेलेले. धारवाडला सप्तापुरात बहिणीच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट त्यांनी ठरवला होता. तो मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. म्हणजे हे कर्ज अडलं की विक्री अडली, आणि विक्री अडली की बहिणीचा शेजार गेला.

ओल होती स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, खालून गुडघ्यापर्यंत. बाईंनी पाइप बदलले होते, गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं होतं. ओल आपली आहे तिथं आहे.

मी सरांना फोन लावला.

"लिहा, सीपेज आहे, कारण कळलं नाही," सर म्हणाले. "आपण व्हॅल्युअर आहोत मॅडम, प्लंबर नव्हे."

"असं लिहिलं तर बँक फाइल बाजूला ठेवेल, सर."

"मग शोधा कारण. पण अंदाजानं कुणाचं नाव घालायचं नाही हं."

मी ओलीभोवती पेन्सिलनं रेघ मारली आणि बाईंना विचारलं, "ही सारखी एवढीच असते का हो?"

"नाही. नळाला पाणी आलं की वर चढते. मग हळूहळू उतरते."

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी जमिनीखालची टाकी काठोकाठ भरून घ्यायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायची. वासंतीताईंची टाकी पुढच्या अंगणात, ह्या भिंतीपासून लांब. मी मागच्या दारातनं डोकावले. भिंतीला अगदी लागून शेजारच्या गंगक्कांच्या टाकीचं झाकण! टाकी भरली की ओल चढणार, पाणी उपसलं की उतरणार.

"आमचा प्लंबरही दोन वर्षांमागं हेच म्हणाला होता," वासंतीताई म्हणाल्या. "तेव्हापासून गंगक्का बोलत नाहीत."

"तुम्ही गेला होता का विचारायला?"

"मी कशाला? त्यालाच पाठवलं."

"घाला चप्पल. आज आपण दोघी जाऊ."

गंगक्का घरी ज्वारीच्या भाकऱ्या करून खानावळींना देतात. पिठाच्या हातानंच त्यांनी दार उघडलं. "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा, असं मला म्हणाल्या. वासंतीताईंकडे बघितलंसुद्धा नाही. मी ओलीचं सांगितलं, तशा कानडी-मराठी मिसळून त्या सुरू झाल्या.

"ह्यांचा प्लंबर गेटवर उभं राहून ओरडला, तुमची टाकी फुटलीय म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलं! मी काय चोर आहे? ह्या स्वतः आल्या असत्या तर त्याच दिवशी झाकण उघडलं असतं."

"चुकलं माझं," वासंतीताई म्हणाल्या. "आज आलेय."

गंगक्कांनी पदराला पिठाचे हात पुसले. मग म्हणाल्या, "उभ्या काय राहिलात? गुडघे दुखतात ना? बसा आधी."

टाकी आतनं बघायची तर रिकामी करायला हवी. आणि पाणी आलेलं कालच! मीच म्हटलं, "वापरून उतरू दे, मग बघू."

"तोवर ह्यांचा तो फ्लॅट थांबणार आहे का?" असं म्हणून गंगक्कांनी मोटर लावली.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण एवढ्या वर्षांत भरलेली टाकी कुणी हातानं रिकामी केलेली मी पाहिली नव्हती. कुणाला द्यावं तर गल्लीतली सगळी पिंपं कालच भरलेली. पाणी नारळाला गेलं, मग गटारीला. बायका बाहेर आल्या.

"गंगक्का, डोकं फिरलं का ग?"

"टाकी धुतेय. सून आणायचीय ना!" गंगक्का म्हणाल्या. त्यांना मुलगा नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बायका हसल्या, आणि वासंतीताईंचं नाव कुठं आलंच नाही.

तळाशी भिंतीकडच्या कोपऱ्यात, पाइप जातो तिथलं सिमेंट निघून गेलं होतं. बाहेरनं दिसायचं काही कारणच नव्हतं. गवंडी आला, कोपरा बुजवून आतनं वॉटरप्रूफ गिलावा केला. तो पक्का होईपर्यंत टाकी कोरडी ठेवायची होती. तेवढे दिवस गल्लीतल्या बायका सकाळी एकेक घागर गंगक्कांच्या दारात ठेवून जायच्या. सगळ्यात मोठी घागर वासंतीताईंची. ती उचलायला मात्र गंगक्काच यायच्या.

पुढचं पाणी आलं तेव्हा गंगक्कांनी मुद्दाम काठोकाठ भरलं. मी परत गेले. ओल माझ्या रेघेच्या बरीच खाली उतरली होती. चढली नाही. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, तेव्हाही नाही. मी लिहिलं, कारण सापडलं, दुरुस्ती झाली, भिंत वाळते आहे. सरांनी सही केली. कर्ज मंजूर झालं आणि महिना संपायच्या आत वासंतीताई सप्तापुरात गेल्या. सामान चढवताना दोघी एवढ्या बोलत बसल्या की टेम्पोवाला वैतागला.

आमच्या रिपोर्टात चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते. पश्चिमेला मी टाइप केलं, "इतरांचे घर." फॉरमॅटच तसा आहे. जमिनीचा भाव धरतो, बांधकामाचं वय धरतो, रस्त्याची रुंदी धरतो. शेजार कसा आहे, हे धरायला आमच्याकडे रकाना नाही.