पाण्याच्या टेबलापाशी

लातूरला क्लासच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या शिवकन्याताईंना नांदेडची एकवीस किलोमीटरची शर्यत वेळेत संपवायची होती. गेल्या वर्षी त्या पोचल्या तेव्हा शर्यत संपते तिथली कमान उतरवली होती. यंदा त्यांच्यासोबत रोज पहाटे पळणारी श्रद्धा, क्लासमधली बायोलॉजीची मॅडम, शेजारी होती.

विष्णुपुरीजवळ पाण्याच्या टेबलापाशी गर्दी उसळली. ताईंनी ग्लास उचलला आणि मागच्याला दिला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. वाढतच राहिल्या.

"ओ ताई, खानावळ लातूरला राहिली! पळा की!" श्रद्धा ओरडली.

"लेकरं तहानलीत गं."

"मिशावाली लेकरं हायेत ती! चला."

पळता पळता ताई म्हणाल्या, "भूकंपात मला ढिगाऱ्यातून काढलं, तवा एका अनोळखी माणसानं पाणी पाजलं. त्याचं नावबी विचारायचं राहिलं. तवापासून कुणी तहानलेलं बघवत न्हाई."

श्रद्धानं त्यांचा हात धरला. "हाव ताई. पण आज कमान उभी असताना पोचायचं."

कमान उभीच होती. गळ्यात पदक पडलं आणि ताई रस्त्याकडेला मटकन बसल्या. श्रद्धानं पाणी आणून दिलं. ताईंनी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"तुझं नाव मात्र ठाऊक हाय मला," म्हणाल्या आणि प्यायल्या.